तिरळा दगड

"कालांतराने म्हणे!" आत्यानं कागद टेबलावर आपटला तशी बशीतला चमचा उडाला. "अगं, सकाळची न्याहारी त्या गावात केली आणि संध्याकाळचं पाणी दुसऱ्या गावच्या वेशीवर प्यायलो. एवढाच तो काळ!"

कागद एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं पाठवला होता. आत्या जिथे जन्मली त्या गावाच्या तोंडाशी मोठी दगडी पाटी बसणार होती. तिच्यावर गावाचा इतिहास कोरायचा होता आणि मजकूर तयार होता. मधेच एक ओळ होती: ‘पूर्वी येथे काही कारागीर कुटुंबे राहत होती, ती कालांतराने कामधंद्यासाठी शहराकडे गेली.’ खाली बाईंनी पेनानं लिहिलं होतं, ‘आमच्या गावचे म्हातारे न्हावी म्हणतात की हे असं झालं नाही. त्या गल्लीतली एक मुलगी शहरात बस डेपोत होती, असंही सांगतात. ती तुम्हीच असाल तर जरूर या. मंगळवारी सकाळी दहाला गावसमितीची बैठक आहे. मंजूर झालेला मजकूर लगेच दगडात जाईल.’

"मुलगी," आत्या म्हणाली. "एकोणसत्तर वर्षांची मुलगी." मग चष्मा काढून तिनं पुन्हा लावला. "कागदावरचं खोटं खोडता येतं. दगडात गेलं की नातवंडं त्याच्यावर बोट फिरवून वाचायला शिकतात. मंगळवारी गाडी काढ."

"अगं, मंगळवारी माझं..."

"काय असेल ते बुधवारी कर."

आमचे लोक चाकं करणारे. लाकडी, बैलगाडीची. सहा पिढ्यांपूर्वी त्या गावानंच आम्हाला दूरच्या मुलखातून बोलावून आणलं, कारण गावात गाड्या होत्या पण टिकाऊ चाक करणारं कुणी नव्हतं. गावाच्या कडेला एक गल्ली दिली. तिथे अकरा घरं झाली. आम्ही रंगानं गावकऱ्यांपेक्षा कितीतरी काळे, केस कुरळे, घरातली बोली निराळी. चाक मोडलं की आम्ही ‘उस्ताद’ आणि चाक दुरुस्त झालं की पुन्हा ‘काळे’. आत्याची आई म्हणायची, "गरज असली की डोळ्यांना रंग दिसत नाही त्यांच्या."

आत्या नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्याकडे पाण्याचं काम होतं. चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी बसवतात तिला धाव म्हणतात. ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची आणि भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते. मग चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची. लाकडातून धूर निघाला रे निघाला, की मुलांनी डबे घेऊन चाकाभोवती पळत पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे कडाकड आवळले जातात. पाणी एकाच बाजूला जास्त पडलं तर चाक कायमचं वाकडं. आत्या सांगते, "आमच्यात मार खायचा तो यासाठीच. अभ्यास केला नाही म्हणून कुणी कुणाला चापट मारली नाही."

त्या वर्षी ऊन फार होतं. लाकूड सुकलं की धाव सैल पडते, म्हणून उन्हाळ्यात चाकं अधूनमधून पाण्यात बुडवून ठेवायची असतात. आत्याच्या थोरल्या काकांनी हे गावातल्या सगळ्यांत मोठ्या जमीनदाराला दोनदा सांगितलं होतं. त्यानं मनावर घेतलं नाही. उतारावर धाव निसटली, गाडी उलटली आणि त्याचा तरुण मुलगा खाली सापडून गेला. दिवस मावळेपर्यंत गावभर झालं होतं, की काळ्यांनी मुद्दाम कच्चं चाक दिलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी चालू असतानाच गर्दी गल्लीत शिरली. काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या. थोरले काका पुढे झाले. म्हणाले, "मालक, पोराचं दुःख आम्हालाही आहे. पण चाक चांगलं होतं. तुम्ही ते तहानलेलं ठेवलंत."

त्या वाक्यासाठी त्यांना त्यांच्याच दारात ठार मारलं. त्यांना वाचवायला मधे पडलेला त्यांचा मोठा मुलगाही गेला. बाकीच्यांना सांगितलं, की सूर्य मावळायच्या आत गल्ली रिकामी हवी. कुणाला गाडी दिली नाही. गावातल्या प्रत्येक गाडीचं चाक आमच्या हातचं, आणि आम्ही पायी निघालो. माझे बाबा तेव्हा दोन वर्षांचे होते. ते आत्याच्या कडेवर.

हे सगळं आत्या भाजी निवडता निवडताही सांगते. फक्त थोरल्या काकांचं वाक्य आलं की उठून उभी राहते. बसून म्हटलेलं मी ते कधी ऐकलं नाही.

शहरात लाकडी चाक कुणाला हवं होतं? आजोबा कोळशाच्या वखारीत पोती उचलायला लागले. पण रस्त्यानं जाताना कुणाची हातगाडी कुरकुरली की थांबायचे, वाकून बघायचे आणि फुकट दुरुस्त करून द्यायचे. सोबत मुलगी असायची. चाकावर हलकेच ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, हे तिला तिथे आलं. एकोणिसाव्या वर्षी ती बस डेपोच्या फाटकात जाऊन उभी राहिली.

फोरमन हसला. "बाई, हे चाक आहे, चूल नाही."

"माहितीय. चुलीला इतके नट नसतात."

"कुणी शिकवलं तुला?"

"देवानं कान दिलेत ना. एक पाना द्या."

तिनं समोर उभ्या असलेल्या बसच्या मागच्या चाकावर पाना ठोकला. ठण्, ठण्, ठण्, ठप्. "हा चौथा सैल आहे. आणि ही बस आता सुटणार आहे ना? मला नोकरी नका देऊ, पण हिला थांबवा."

चौथा नट बोटांनी फिरला. फोरमननं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "उद्या सातला ये." सुरुवातीला डेपोत तिला ‘काळी’ म्हणायचे. पाचेक वर्षांत ‘उस्ताद’ म्हणायला लागले. आत्या म्हणते, "पण इथे चाक दुरुस्त झाल्यावरही उस्तादच म्हणत राहिले. फरक कळला ना?" अडतीस वर्षांत तिनं सोडलेल्या एकाही बसचं चाक वाटेत निखळलं नाही. निवृत्तीच्या दिवशी तिला घड्याळ मिळालं. तिनं ते कानाला लावलं आणि म्हणाली, "याचंही एक चाक घसरतंय."

तर मंगळवारी सकाळी आम्ही गावात पोचलो. समितीच्या दाराशी काठी टेकून एक टक्कल पडलेला म्हातारा उभा होता. त्यानं आत्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पाणीवाली ना गं तू?"

आत्या थबकली. "न्हाव्याचा तू! अरे, डोक्यावर एक केस नाही. धंद्याला लाज आणलीस."

"सुताराची खाट मोडकीच असते," म्हातारा म्हणाला. हसता हसता त्याचे डोळे भरले, मग त्यानं खोकून वेळ मारून नेली.

आत लांब टेबल होतं, नऊ खुर्च्या होत्या, आणि प्रत्येकासमोर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. अध्यक्ष पन्नाशीतले, केस काळेभोर रंगवलेले. ते उठून म्हणाले, "या आजी, या. बसा."

"आजी नका म्हणू. केस काळे केले म्हणून नातू होता येत नाही."

कोपऱ्यात बसलेल्या मुख्याध्यापिकेनं रुमाल तोंडाला लावला. अध्यक्ष हसले, पण ओठांनीच. "छान बोलता हो तुम्ही."

"तुम्हीही बरे बोलता. आता लिहायचंही बघू या."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, भावना समजतात. पण पाटीवर पुराव्याशिवाय काही कोरता येत नाही. गावाच्या दप्तरात चाकं करणाऱ्यांची नोंद नाही. त्या गल्लीत पहिल्यापासून आमच्याच घराण्याच्या गिरण्या होत्या. धान्याच्या. बैल जुंपून फिरवायची मोठी जाती. त्यांचे दगड अजून तिथे पडलेत, गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ‘काही कारागीर’ हे आम्ही तुमच्या समाधानासाठीच घातलंय."

"किती दगड आहेत?"

"असतील दहाबारा."

"अकरा," आत्या म्हणाली आणि उठली. "चला, बघून येऊ."

सगळी समितीच मागून निघाली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना बैठी घरं, आणि प्रत्येक घरासमोर जमिनीत बसवलेला एक सपाट गोल दगड, मधे हातभर भोक. एकावर कुंड्या मांडल्या होत्या. एकावर कुणीतरी सतरंजी धूत होतं. एकावर स्कूटर उभी होती. आत्या घरांकडे बघतच नव्हती. ती प्रत्येक दगडापाशी वाकायची, भोकाच्या कडेवर तळवा ठेवायची आणि पुढे जायची. सातव्या दगडावर कोंबड्यांचं खुराडं होतं. तिनं ते स्वतःच बाजूला सरकवलं. कोंबड्यांनी कलकलाट केला. आत्यानं तळवा ठेवला आणि एकदम मोठ्यानं हसली. इतकी हसली की घरातली बाई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"काय झालं हो?"

"काही नाही बाई. माझ्या आज्यानं घातलेला घोळ सापडला." आत्यानं अध्यक्षांना खूण केली. "इकडे या. भोक बघा. कुठे आहे?"

अध्यक्ष वाकले. "मधे."

"नीट बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. भोक मध्यापासून चांगलं चार बोटं एका अंगाला होतं.

"माझ्या आज्याचं नवीन लग्न झालं होतं," आत्या सांगायला लागली. आता गल्लीतल्या दारादारांत माणसं उभी होती. "दगड कोरायला बसला, तर बायको समोर येऊन उभी राहिली. नजर दगडावर कमी आणि तिच्यावर जास्त. निम्मं भोक पाडून झालं तेव्हा लक्षात आलं की मध्य चुकला. बाकीची दहा घरं जन्मभर हसली. ‘तिरळा दगड’ म्हणायचे. आई रागावली की बाबांना म्हणायची, तुमच्या घराण्याची नजर दगडातसुद्धा दिसते. पण आज्यानं दगड बदलला नाही. का बदलला नाही? कारण आमचं काम अडत नव्हतं. चाक यावर आडवं ठेवायचं. मधला तुंबा, म्हणजे आरे ज्यात बसतात तो लाकडी गड्डा, भोकात उतरवायचा. चाक सपाट टेकलं की वरून तापलेली धाव बसवायची. दगड एका जागी, चाक एका जागी, फिरतं कुणीच नाही. भोक मधे असलं काय आणि कडेला असलं काय. दगड तेवढा मोठा हवा, आणि हा बघा, सगळ्यांत मोठा आहे."

ती सरळ उभी राहिली. "आता तुम्ही हे जातं फिरवून दाखवा."

मग मागून न्हाव्याचा आवाज आला, "हे जातं फिरलं ना, तर पीठ एका गावात पडेल आणि बैल दुसऱ्या!"

गल्ली हसली. समितीतले दोघंही हसले. लाटणंवाली बाई म्हणाली, "तरीच! माझे सासरे म्हणायचे हे जातं, आणि मी म्हणायची, मग वरची तळी कुठे गेली?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण माणूस कसलेला. "बरं. चाकं करणारे होते, मान्य. कोरू तसं. ‘चाकं करणारी अकरा कुटुंबं.’ पण पुढचं तुम्ही म्हणता ते... आजी, सॉरी, बाई... त्या काळात सगळेच शहराकडे जात होते. ती माणसंही कामासाठी गेली. गेली, एवढंच लिहिलंय आम्ही. त्यात खोटं काय?"

आत्याचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली आला की डेपोतले लोक हातातलं काम ठेवत असत. "कारागीर कामासाठी गाव सोडतो तेव्हा सगळ्यांत आधी काय उचलतो, अध्यक्ष? सुतार एक वेळ पोर विसरेल, हत्यार विसरणार नाही. आमच्या अकरा घरांतून लाकूड तासायची एकही वाकस बाहेर गेली नाही. करवती, चिमटे, भाते, सगळं इथेच राहिलं. माझा बाप वखारीत पोती उचलत होता, कारण त्याच्या हातात काही नव्हतं. ती हत्यारं कुठे गेली?"

गल्लीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं दार लोटून घेतलं.

"आमच्या घरी एक आहे," न्हावी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो काका," अध्यक्ष म्हणाले.

"साठ वर्षं गप्पच बसलो. न्हावी असून!" म्हातारा काठी टेकत पुढे आला. तो आत्याकडे बघत नव्हता, दगडाकडे बघून बोलत होता. "माझा बाप त्या दिवशी गर्दीत होता. मी दहा वर्षांचा. तो घरी आला तेव्हा हातात वाकस होती. आईनं विचारलं, कुठून आणली? तो म्हणाला, आता त्यांना नको आहे. अजून आम्ही तिनंच सरपण फोडतो. मुठीवर चाकाची खूण कोरलेली आहे." त्यानं दारांकडे काठी फिरवली. "आणि आमच्या एकट्याकडे नाही. या लोकांच्या माळ्यावर काय काय आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत? सगळ्यांच्या घरी जाऊन दाढ्या केल्यात मी."

लाटणंवाली बाई हळूच म्हणाली, "आमच्याकडे भाता आहे."

पुन्हा सगळे समितीच्या खोलीत आले तेव्हा साडेबारा वाजले होते. मुख्याध्यापिकेनं कोरा कागद पुढे ओढला. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, पण शब्द जरा... ‘एका दुर्दैवी घटनेनंतर त्यांना गाव सोडावे लागले.’ कसं वाटतं?"

"दुर्दैव वरून पडतं," आत्या म्हणाली. "हे समोरून आलं, काठ्या घेऊन."

"अहो, पण गावाची बदनामी होईल. बाहेरची माणसं येतात, पाटी वाचतात. आत्ताच्या मुलांचा काय दोष?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगायचं. दोष असता तर लपवणं समजू शकले असते." ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "तुमच्या मुलांना लाज वाटावी म्हणून मी आले नाही. माझ्या लोकांना वाटावी असं काही आम्ही केलं नाही, ते लिहून घ्यायला आलेय. ‘गेली’ लिहिलंत की आम्ही तुम्हाला सोडून गेलो असं होतं. भरलेलं ताट, पेटलेली भट्टी आणि दारात दोन माणसं टाकून कुणी जातं का?"

मतदान झालं. मजकुराच्या बाजूनं पाच हात वर गेले, तीन खाली राहिले. अध्यक्षांनी मत दिलं नाही, पण सही केली. मुख्याध्यापिकेनं मजकूर वाचून दाखवला: ‘या गल्लीत चाके करणारी अकरा कुटुंबे पाच पिढ्या राहिली. ती वेगळ्या वंशाची होती म्हणून गावाने त्यांच्यातल्या दोघांना ठार मारले आणि बाकीच्यांना एका दिवसात हाकलले.’ खाली त्या दोघांची नावं आणि अकरा घरांची.

"‘गावाने’ ठेवायचंच का?" एका सदस्यानं विचारलं.

"मग कुणी हाकललं, वाऱ्यानं?" न्हावी दारातून म्हणाला.

ज्या दिवशी दगड कोरायचा होता त्या दिवशी आत्या पहाटेच उठली. मी म्हटलं, "अगं, मंजूर झालंय. आता कशाला जायचं?"

"दुपारी कारागीर जेवायला गेला आणि कुणी एखादा शब्द मऊ केला तर? अडतीस वर्षं मी तपासल्याशिवाय बस सोडली नाही."

घडीची खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन ती गावाच्या तोंडाशी दगडासमोर बसली. पाथरवट जवान होता, अबोल, छातीभर धुळीनं पांढरा झालेला. सकाळी त्यानं गावाची स्थापना, नदी, शाळा वगैरे कोरलं. आत्या एकेक अक्षर मनातल्या मनात लावत होती. येणारेजाणारे थांबत होते. काहींनी नमस्कार केला, काहींनी मान वळवली. एकजण सायकलवरून जाताना काहीतरी घाणेरडं बोलला. आत्यानं छत्री थोडी मागे केली आणि म्हणाली, "मोठ्यानं बोल बाबा, जागा आहे अजून दगडावर."

दुपारी न्हावी आला. दगडाच्या सावलीत बसला. जेवणाच्या वेळी पाथरवटानं डबा तिथेच उघडला. आत्या त्याच्या हातांकडे बघत होती.

"छिन्नी चांगली धरतोस. कुणी शिकवलं?"

"बापानं."

"तुझ्या बापाची आहे का ही?"

"हो."

"सांभाळ," आत्या म्हणाली.

तीन वाजता तो त्या ओळीपाशी आला. खडूनं आखता आखता थांबला आणि मागे वळला.

"बाई, हा ‘हाकलले’ शब्द केवढा करू? ओळीत जागा आहे. थोडा मोठा करता येईल."

आत्या खुर्चीतून उठली. दगडापाशी गेली. वरच्या ओळीतली अक्षरं तिनं वितीनं मोजली, मग खडूनं आखलेली मोजली.

"बाकीच्या शब्दांएवढाच," ती म्हणाली. "मोठा केलास तर म्हणतील ओरडतेय. लहान केलास तर म्हणतील लाजतेय."

त्यानं मान हलवली आणि छिन्नी टेकवली. आत्यानं खुर्ची उचलून दोन पावलं पुढे ठेवली आणि पाठ ताठ करून बसली.